वस्ताद प्योचं वजन

ग्वाक दुशिक दोर धरायचा. सिनेमात माणूस खिडकीतून फेकला जातो, भिंतीवर आपटतो, तिसऱ्या मजल्यावरून खाली येतो, तेव्हा त्याच्या कपड्यांखाली पट्टा असतो आणि पट्ट्याला दोर. दोर छतातल्या कप्पीवरून खाली येतो आणि त्याचं दुसरं टोक चार माणसांच्या हातात असतं. त्या चौघांतला पहिला दुशिक. सत्तावीस वर्षं तोच पहिला. पडद्यावर तो एकदाही दिसला नाही. दिसला असता तर काम बिघडलं असा अर्थ झाला असता.

रोज सकाळी हातमोजे चढवण्याआधी तो साठ मीटर दोर डोळे मिटून चिमटीतून ओढून घ्यायचा. कुठे धागा उसवलाय, कुठे दोर कडक झालाय, कुठे मऊ पडलाय, ते अंगठ्याला कळतं. काल तपासलेला दोर आज पुन्हा. त्याच्यामागे दुसऱ्या जागेवर जेगाल असायचा, पंचेचाळिशीचा, तोंडाला कुलूप नसलेला. तो म्हणायचा, "झालं, डॉक्टर नाडी बघायला बसले."

"तुझी नाडी बघायची वेळ आणू नकोस."

"आमची कसली नाडी, दादा? बायकोनं केव्हाच बंद पाडलीय."

दुशिक हसायचा नाही, पण ऐकून घ्यायचा. भरल्या पोटी दोराला आलेल्याला तो परत पाठवायचा. खिशात फोन सापडला तर त्या दिवसापुरता तो माणूस बाद. "चौघांची मिळून एक पाठ," एवढंच सांगायचा. जास्त समजावणं त्याला जमत नसे.

त्या वर्षांत जो तो सुडाचा सिनेमा काढत होता. कुणाची बायको मारलेली, कुणाचं पोर. मग दोन तास कोयता, लोखंडी पाइप, मासे कापायची सुरी, आणि शेवटी पावसात नाहीतर बर्फात एक जण उभा, एक आडवा. गोष्ट काय आहे ते दुशिकनं कधी विचारलं नाही. त्याला वजनं ठाऊक असायची. खलनायक बहात्तर किलो, नायक चौसष्ट, नायकाच्या जागी पडणारा सदुसष्ट. घरी तो सिनेमा लावत नसे. घरी आई होती.

आईचा धाकटा मुलगा दुहो. दुशिकपेक्षा आठ वर्षांनी लहान, पडण्याच्या कामात. अठरा वर्षांपूर्वी एका कौलांच्या कारखान्यात शूटिंग होतं आणि दोर तुटला. दुहो सव्वीस वर्षांचा होता. त्या दिवशी दुशिक दुसऱ्या गावी दुसऱ्याच कुणाचा तरी दोर धरून उभा होता. काय झालं ते त्याला तिथल्या दोरवाल्यांनी सांगितलं. मारामारीची सगळी जबाबदारी वस्ताद प्यो इंताकवर होती. निम्म्या देशाला पडायला शिकवलेला माणूस. त्यानं सकाळी दोरावर बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. तिथे लव उठली होती. प्योनं दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शक वयानं मोठा होता, चिडलेला होता, ऊन उतरत होतं. प्यो काही बोलला नाही. त्यानं बोट उचललं आणि पडण्याचे आकडे मोजले, एक, दोन, तीन.

तीन दिवस सुतक चाललं. तिसऱ्या दिवशी अंत्यविधीगृहातल्या जेवणाच्या दालनात, पन्नास पडणाऱ्या माणसांसमोर, दुशिक उभा राहिला. सोजू दारूचा पेला हातात होता, पण तो प्यायलेला नव्हता. तो प्योला म्हणाला, "एक दिवस तुमचा दोर माझ्या हातात येईल." मग खाली बसून सूप प्यायला.

या धंद्यातली माणसं पडायचं विसरतील, असं वाक्य विसरत नाहीत. पुढे अठरा वर्षं ज्या सिनेमात प्यो असे तिथे दुशिकला बोलावत नसत. कुणी ठरवून दिलं नव्हतं. आपोआप होत गेलं.

आणि त्या हिवाळ्यात बुसानच्या योंगदो बेटावर, बंद पडलेल्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात, दुशिकला बोलावणं आलं. पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे टेबलावर डुकराचं मुंडकं मांडलं होतं, शेजारी सुकवलेला मासा, नासपती, तांदळाची दारू. शूटिंग निर्विघ्न होऊ दे म्हणून सगळ्यांनी दोघादोघांनी येऊन डोकं टेकायचं.

"हसतंय बघा," जेगाल कुजबुजला. "हसणारं मुंडकं मिळावं म्हणून तीन खाटीक पालथे घातले म्हणे."

दुशिक चटईवर गुडघे टेकायला गेला, तेव्हा शेजारी कुणीतरी गुडघे टेकत होतं. पांढरे केस, जाड मान. वस्ताद प्यो. सहासष्टचा झाला होता. आता मारामारी बसवत नव्हता. या सिनेमात त्याला एक छोटी भूमिका दिली होती, म्हाताऱ्या टोळीप्रमुखाची, आणि शेवटी नायक त्याला तिसऱ्या मजल्यावरून फेकणार होता. बदली माणूस नको, मी स्वतः पडणार, असं तो अडून बसला होता.

दोघांनी एकाच वेळी जमिनीला कपाळ टेकलं. मागे पन्नास माणसं उभी होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

उठताना जेगाल दुशिकच्या कानाशी आला. "दादा, मुंडकं आता हसत नाहीये."

*

पडण्याचा दिवस गुरुवारी ठरला. उजेड दुपारी दोन ते चार, छताच्या फुटक्या पत्र्यांतून तिरपा यायचा, तोच दिग्दर्शकाला हवा होता. दिग्दर्शक तेहतीस वर्षांचा. त्याला खाली गादी नको होती. जमीन दिसली पाहिजे. म्हणून सिमेंटच्या रंगाचा बोटभर फोम तेवढा अंथरला. माणूस नऊ मीटर खाली येणार आणि जमिनीपासून एक वीत वर थांबणार. थांबवायचं चौघांनी.

हे जोरापेक्षा मापाचं काम. माणूस सुटतो तसे चौघे दोर देत पुढे धावतात, आणि दोरावरची लाल खूण पहिल्याच्या हातात आली की टाचा रोवतात. खूण कुठे करायची ते वजनावर. वजन जास्त तर दोर जास्त ताणतो, टाचा जास्त घसरतात. म्हणून आधी पडणाऱ्याच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरून पोतं पाडून बघायचं. पडणारा त्यासाठी काट्यावर उभा राहतो. कालचा पोरगा असला तर त्याला काट्यावर ढकलतात आणि वर पोटावर टपली मारतात.

दिग्दर्शकाची सहायक बाई कागद घेऊन आली. "वस्ताद अडुसष्ट म्हणाले. अडुसष्ट भरा."

"काट्यावर आले होते?" दुशिकनं विचारलं.

बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू वस्तादाला कपडे काढायला सांगायचं होतं. "वस्तादांना कोण सांगणार काट्यावर चढा म्हणून? त्यांनी सांगितलंय ना."

वर तिसऱ्या मजल्यावर प्योला पट्टा बांधून बघत होते. लोखंडी जिन्यानं तो चढला तेव्हा दुशिक जिन्याखालीच होता. पायऱ्यांचा आवाज त्यानं ऐकला होता. अडुसष्ट किलोचा माणूस त्या पायऱ्यांना असा आवाज करायला लावत नाही. पट्ट्याचं शेवटचं भोक लागलं होतं, तेही ओढून. पोट कमरेच्या कातड्यावरून खाली आलं होतं. अठ्ठ्याहत्तर, दुशिकला वाटलं. कदाचित ऐंशी.

बारा किलो. वितीचं अंतर खाऊन टाकायला आठ पुरे होते.

दुशिक वाळूच्या ढिगाशी गेला. फावडं घेतलं. पोतं काट्यावर ठेवून भरू लागला. सदुसष्टावर थांबला, मग ओंजळीनं घालत गेला, आणि काटा अडुसष्टावर स्थिर झाला तेव्हा तोंड आवळून बांधलं. चुकीचं काम त्यानं अचूक केलं.

पोतं वर नेलं, पाडलं. तीनदा. तिन्ही वेळा जमिनीवर एक वीत थांबलं. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. दुशिकनं दोराला लाल फीत गुंडाळली.

जेगाल जवळ आला. त्याच्या तोंडावर या वेळी थट्टा नव्हती. "दादा. वस्ताद जरा सुटलेत ना?"

"तुला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं."

"मग."

जेगाल बराच वेळ हातमोज्यांची बोटं ओढत उभा राहिला. "मला काही दिसलं नाही," तो शेवटी म्हणाला आणि निघून गेला. तो गेल्यावर दुशिकच्या लक्षात आलं की दोराच्या त्या टोकाला आता जेगालही बांधला गेलाय. उरलेल्या दोघांना सांगायची गरज नव्हती. ते दोघे वर बघतच नव्हते.

आईचा फोन आला.

"जेवलास का?"

"जेवेन आता."

"तो तिथे आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"बुसान केवढंसं आहे?" मागे नळ चालू होता, तो बंद झाला. "दोर कुणाच्या हातात?"

"माझ्या."

"बरं," आई म्हणाली. "आज भात मी टाकते. लवकर ये."

गेली कित्येक वर्षं आईनं भात टाकला नव्हता. हात थरथरतात म्हणून दुशिकच टाकायचा.

जेवणाच्या गाडीवर डुकराच्या हाडांचा रस्सा आणि भात होता. दुशिकनं वाटी घेतली, पण दोराआधी तो खात नसे, म्हणून नुसती हात शेकायला धरली. समोर कुणीतरी येऊन बसलं. प्यो. त्याची वाटी काठोकाठ भरलेली होती आणि तो मन लावून जेवत होता. पडण्याआधी पोटभर जेवणारा माणूस दुशिकनं आजवर पाहिला नव्हता. प्योनंच शिकवलेलं होतं ते, रिकाम्या पोटी पडायचं.

"दोर तू धरणार म्हणे," प्यो म्हणाला.

"हो."

"मीच मागून घेतलं तुला. निर्माते नको म्हणत होते. म्हटलं, तो नसेल तर मीही नाही."

दुशिकनं वाटी या हातातून त्या हातात घेतली.

"आई कशी आहे?"

"जिवंत आहे."

"हं." प्योनं मुळ्याचं आंबवलेलं किमची तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. "अडुसष्ट भरलंस ना?"

"तुम्ही सांगितलं तेवढं."

"अगदी तेवढंच?"

"एक ओंजळही इकडेतिकडे नाही."

"तुझं काम असंच," प्यो म्हणाला. त्यानं वाटी तोंडाला लावून रस्सा संपवला आणि उठला.

तेव्हा दुशिकला कळलं. तीस वर्षं या माणसानं हजारो पोरांना काट्यावर चढवलं. बघून वजन सांगायचा, किलोचाही फरक पडत नसे. असा माणूस स्वतःचं वजन बारा किलोनं चुकत नाही. वयाची लाज नव्हती ती. त्यानं वजन ठरवून सांगितलं होतं. दोराचं टोक ठरवून दुशिकच्या हातात दिलं होतं. मेला तर फिटंफाट. वाचला तर दुशिकनं माफ केलं. दोन्हीकडून मोकळा तोच होणार होता.

दुशिकच्या हातातली वाटी निवली. त्याला राग आला. अठरा वर्षांचा जुना राग त्याच्या ओळखीचा होता, त्याच्याबरोबर तो झोपायचा, उठायचा. हा नवा होता.

*

पावणेतीनला उजेड बरोबर पडला. प्यो तिसऱ्या मजल्यावर भिंत फोडून केलेल्या मोठ्या भोकाच्या कडेला उभा राहिला, पाठ बाहेर, टाचा काठाच्या पुढे. त्याच्या छातीला हात लावून नायक उभा. खाली चौघे. दुशिकनं हातमोजे चढवले. दोर हातात घेतला, खांद्यामागून जेगालचा श्वास ऐकू येत होता, जलद.

"तयार!" सहायक बाई ओरडली.

प्योनं मान वळवली आणि खाली दुशिककडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग किंचित मान हलवली, जसं गिऱ्हाईक न्हाव्याला हलवतं, चालू दे म्हणून.

दुशिकच्या हातात दोर होता. काही करायचं नव्हतं. बोलायचंही नव्हतं. टाचा रोवायच्या, खरोखर रोवायच्या, जीव तोडून रोवायच्या, आणि दोर ताणत जाईल. कुणी त्याच्याकडे बोट दाखवणार नव्हतं. कागदावर अडुसष्ट होतं. घरी भात शिजत होता.

"कॅमेरा!"

"दोर खाली ठेवा," दुशिक म्हणाला.

"काय?" जेगाल म्हणाला.

"खाली ठेवा म्हटलं."

त्यानं हातमोजे काढून दोरावर ठेवले. कमरेची सुरी काढली. दोरवाल्याच्या कमरेला सुरी असतेच, गाठ अडकली तर कापायला. ती उघडी हातात धरून तो जिना चढू लागला.

पन्नास माणसांना ते वाक्य माहीत होतं. कुणी हललं नाही. कॅमेरा चालूच राहिला. "हे पटकथेत आहे का?" असं दिग्दर्शक कुणाला तरी विचारत होता. खालून जेगालचा आवाज आला, चिरकलेला, "दादा! दादा, ऐका ना! दादा, आईचा विचार करा!" दुशिक पायऱ्या मोजत नव्हता, पण पाय मोजत होते. एकेक पायरी, त्याच चालीनं, पोतं वर नेताना असते तशी.

त्याला येताना पाहून नायक मागे सरकत भिंतीला टेकला. प्यो काठावरच होता. त्यानं सुरी पाहिली. डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

दुशिकनं डाव्या हातानं त्याच्या छातीवरचा पट्टा पकडला आणि त्याला आत ओढलं. ओढताच मनगटाला कळलं. ऐंशी. मग उजव्या हातानं पट्ट्यामागचा दोर धरला आणि कापला. दोन हिसके लागले. कापलेलं टोक काठावरून सुटलं, वर जाऊन कप्पीतून सरसरत निघालं आणि खाली चौघांच्या जागी येऊन पडलं. जेगाल बाजूला उडी मारून ओरडला.

प्योनं डोळे उघडले. गळ्याला हात लावून पाहिला.

"मरायचं असेल तर तिकडे समुद्र आहे," दुशिक म्हणाला. "माझ्या दोरावर नाही."

"मी तुला संधी देत होतो."

"मागितली होती मी?"

जवळून प्यो फार म्हातारा दिसत होता. रंगवलेल्या रक्ताखाली गालाची कातडी सैल होती.

"त्या दिवशी लव लागली होती बोटाला," दुशिक म्हणाला. "बोट फिरलं होतं तुमचं."

"हो."

"मग?"

"दिग्दर्शक सर चिडले होते," प्यो म्हणाला. एखाद्या शाळकरी पोरानं सांगावं तसं. "उजेड जात होता."

दुशिकनं सुरी मिटली. "काट्यावर चला."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

खाली जाताना पायऱ्या तसाच आवाज करत होत्या. वाळूच्या ढिगाशेजारी काटा होता. वस्ताद प्यो इंताक, निम्म्या देशाला पडायला शिकवलेला माणूस, खोट्या रक्तानं माखलेला, कापलेल्या दोराचा तुकडा पाठीला लोंबत असलेला, काट्यावर चढला. सहायक बाईनं तोंड फिरवलं. दिग्दर्शक जमिनीकडे बघू लागला. मोठ्या माणसाला असं बघायला कुणाचाच डोळा धजत नव्हता.

"मोठ्यानं सांगा," दुशिक म्हणाला.

"ऐंशी," प्यो म्हणाला.

"अजून मोठ्यानं."

"ऐंशी!"

कारखान्याच्या पत्र्यांत आवाज घुमला. दिग्दर्शक भानावर आला आणि ओरडू लागला, उजेड गेला, दिवस गेला, दोर कापला, हा कोण लागून गेलाय. दुशिक तोपर्यंत गोदामातून नवा दोर घेऊन आला होता. तो खाली बसला आणि डोळे मिटून साठच्या साठ मीटर चिमटीतून ओढून घेऊ लागला. त्याला चाळीस मिनिटं लागली. दिग्दर्शक ओरडून थकला. पोत्यात बारा किलो वाळू पडली. पोतं तीनदा पाडलं. लाल खूण दीड वीत अलीकडे आली.

चारला दहा मिनिटं असताना उजेडाची शेवटची पट्टी राहिली होती. प्यो पुन्हा काठावर उभा राहिला. या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही. पाहायचं धाडस त्याला झालं नाही, असं जेगाल नंतर सांगायचा. आता सगळं बरोबर होतं. वजन, खूण, दोर, टाचा. आता चूक झाली तर ती वाळूची नव्हे, कागदाची नव्हे, एकट्या दुशिकच्या दोन हातांची. आजवर ते हात इतके उघडे कधी पडले नव्हते. हातमोजे त्यानं पुन्हा चढवले नव्हते. त्याला तळहातांतलं रक्त ऐकू येत होतं. आई भातावरचं झाकण उचलून बघत असेल.

"एक," सहायक बाईनं मोजलं. "दोन."

मागे जेगाल काहीतरी पुटपुटत होता. देवाचं असावं.

"तीन."

ऐंशी किलो हवेत आलं. दोर जळत हातातून गेला, चौघे धावले, लाल फीत तळहाताला लागली आणि दुशिकनं टाच रोवली. पाठीत काहीतरी कडकन वाजलं. दोर ताणला, कण्हला, थांबला.

प्यो जमिनीवर एक वीत लटकत होता. जिवंत, तोंड उघडं, एका बुटाची नाडी फोमला टेकलेली.

"ओके!" दिग्दर्शक किंचाळला. "ओके, ओके, ओके!"

टाळ्या पडल्या. चौघांनी त्याला हळूच खाली टेकवलं, पट्टा सोडला. प्यो उठला, डोलला, सावरला. मग पडणारा पडल्यावर करतो तसं तो दोरवाल्यांच्या समोर आला आणि कमरेत पूर्ण वाकला. सहासष्ट वर्षांचा वस्ताद, दोरवाल्यांपुढे, काटकोनात. "फार कष्ट झाले तुम्हाला," तो म्हणाला. जेगाल आणि दोघे घाईघाईनं त्याच्याहून खाली वाकले.

दुशिक वाकला नाही. त्यानं दोराचं टोक उचललं आणि गुंडाळी करायला घेतली. हात सोलले होते, दोरावर रक्त लागत होतं. पहिला वेढा, दुसरा. रिवाजानं दोराचा पहिला वाकत नाही तोवर प्योला सरळ होता येत नव्हतं, आणि ते झाल्याशिवाय जेगाल आणि दोघांना उठता येत नव्हतं. टाळ्या थांबल्या. चौघे वाकलेले. बाकीचे उभे होते तिथेच थिजले. उजेडाची पट्टी भिंतीवरून सरकून गेली. दुशिक वेढ्यावर वेढा घालत होता, प्रत्येक वेढा सारख्या मापाचा, कुठेही घाई नाही. साठ मीटर दोर होता.